औषधाच्या खोक्यातला कागद

तेहतीस वर्षे राज्य शासनाच्या सेवेत काढलेल्या माणसाला छापील सूचनेविषयी जरा अधिकच ममत्व असते. किती परिपत्रके, अधिसूचना आणि जाहीर सूचना आमच्या हातून गेल्या याची मोजदाद नाही. त्या लिहिता लिहिता एक गोष्ट आम्ही शिकलो होतो : सूचना कोणासाठी आहे हे पहिल्या ओळीतच सांगितले नाही, तर जिच्याशी तिचा संबंध नाही ती व्यक्ती घाबरते आणि जिच्याशी आहे ती निर्धास्त राहते. कचेरीत शिकलेली ही गोष्ट घरात मात्र आम्ही विसरलो. प्रस्तुत लेख त्या विस्मरणातून निघाला आहे. विषय आहे स्त्रियांना ऋतुनिवृत्तीनंतर देण्यात येणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्यांचा, त्यांतील धोक्यांचा आणि त्या धोक्यांची सूचना कागदावर कशी उतरली याचा. आपल्या पत्रिकेत एरवी होळकरशाहीची दफ्तरे, मोडी कागद आणि जुन्या नाटक मंडळ्या यांवर लेखन होते. त्या पंक्तीत हा विषय कोणाला अवघड वाटेल. परंतु हाही एका कागदाचाच इतिहास आहे, आणि लिहिण्यापूर्वी आम्ही घरातून रीतसर अनुमती घेतली आहे.

आमच्या सौभाग्यवतींचे गर्भाशय १९९८ मध्ये गाठींमुळे काढावे लागले. सोबत दोन्ही अंडाशयेही काढली. तेव्हा त्यांचे वय अडतीस. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरातच अंगातून झळा उठू लागल्या. इंदूरच्या डिसेंबरातही रात्री पंखा लागे. डॉक्टरांनी एक लहानशी गोळी रोज घ्यायला सांगितली आणि झळा थांबल्या. ती गोळी कशाची, किती वर्षे घ्यायची, हे आम्ही विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. चार वर्षे गेली. जुलै २००२ च्या दुसऱ्या आठवड्यात वर्तमानपत्रात ठळक मथळा आला : अमेरिकेतील मोठी चाचणी अर्ध्यावर थांबवली, संप्रेरकांच्या गोळ्यांमुळे स्तनांचा कर्करोग आणि हृदयविकार वाढतो. आम्ही चहाचा पेला खाली ठेवला, कपाटातली गोळ्यांची पट्टी काढली आणि केराच्या टोपलीत टाकली. सौभाग्यवती पोळ्या करीत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, ती बातमी माझ्याबद्दल आहे का पण?" आम्ही म्हणालो, "तुझीच गोळी आहे ना? मग तुझ्याबद्दलच."

हे उत्तर चुकीचे होते. ते किती चुकीचे होते हे कळायला आम्हाला बरीच वर्षे लागली. ते समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

पाळी जाणे ही गोष्ट स्त्रीजातीइतकीच जुनी. पण तिला वैद्यकातले नाव मिळून अवघी दोनशे वर्षे झाली. द गार्दान् नावाच्या फ्रेंच वैद्याने १८२१ च्या आपल्या ग्रंथात 'मेनोपॉज' हा शब्द रूढ केला. आपल्याकडे आमच्या आजीच्या पिढीला त्यासाठी शब्दाची गरज भासली नाही. पाळी गेली म्हणजे महिन्याचे चार दिवस बाजूला बसणे संपले, देवघर कायमचे उघडले, लोणच्याच्या बरणीला हात लावायला कोणाची हरकत उरली नाही. झळा त्यांनाही येत असणार, हाडे त्यांचीही ठिसूळ होत असणार. परंतु घरातील त्यांचा मान त्या वयात वाढत असे. हा आजार आहे असे त्यांना कोणी सांगितले असते तर त्या हसल्या असत्या. त्या सोवळ्याचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. एकाच शारीरिक घटनेकडे दोन समाज किती निराळ्या दृष्टीने पाहू शकतात एवढेच नोंदवायचे आहे.

पश्चिमेत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळे वारे वाहू लागले. पॅरिसमध्ये १८८९ साली ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याची ग्वाही दिली. ती भावना मनाचीच असावी. पण ग्रंथींच्या रसात काहीतरी शक्ती आहे ही कल्पना त्यातून पसरली, आणि थोड्याच वर्षांत गायीगुरांच्या अंडाशयांची पूड ऋतुनिवृत्त स्त्रियांना दिली जाऊ लागली. त्या रसातील खरे द्रव्य कोणते याचा शोध पुढे १९२३ मध्ये ॲलन आणि डॉइझी या अमेरिकनांनी मार्गी लावला. १९२९ मध्ये डॉइझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे इस्ट्रोन हे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे काढले. तेही गर्भवती स्त्रियांच्या मूत्रातून. त्यानंतर प्रश्न उरला तो पुरवठ्याचा. तो कॅनडातील एका कंपनीने सोडवला : गाभण घोड्यांच्या मूत्रात हे द्रव्य मुबलक असते. 'प्रेमारिन' हे नाव 'गाभण घोडीचे मूत्र' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडूनच बनवलेले आहे. कॅनडात १९४१ मध्ये आणि अमेरिकेत १९४२ मध्ये ते बाजारात आले. पुढे कधीतरी हे वाचल्यावर आम्ही ते घरात सांगितले, तेव्हा चातुर्मासात कांदा-लसूण न शिवणाऱ्या आमच्या मातोश्री क्षणभर अवाक झाल्या आणि मग म्हणाल्या, "गोमूत्र चालतं, तर घोडीनं काय पाप केलंय?"

त्याच सुमारास लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ साली प्रयोगशाळेत एक स्वस्त कृत्रिम इस्ट्रोजेन बनवले, स्टिलबेस्ट्रॉल नावाचे. त्याचे एकस्व कोणी घेतले नाही, त्यामुळे अनेक कंपन्यांनी ते बनवले. ऋतुनिवृत्तीसाठी ते आलेच. पण गर्भपात टळावा म्हणून गर्भवतींनाही लाखोंच्या संख्येने दिले गेले. शिकागोत १९५३ मध्ये झालेल्या चाचणीने त्याचा गर्भ टिकण्यास काहीही उपयोग नाही असे दाखवले, तरीही ते दिले जातच राहिले. बोस्टनच्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये आठ तरुण मुलींच्या योनिमार्गातील एका अत्यंत दुर्मिळ कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी सात जणींच्या मातांनी गरोदरपणी हे औषध घेतले होते. औषध घेतले आईने आणि फळ भोगले मुलीने. संप्रेरक हे जीवनसत्त्वासारखे निरुपद्रवी नाही, हे त्या दिवशी उघड झाले. तथापि ऋतुनिवृत्तीच्या गोळ्यांकडे अजून कोणी त्या नजरेने पाहत नव्हते.

याचे एक कारण एका पुस्तकात होते. ब्रुकलिनचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९६६ मध्ये 'फेमिनिन फॉरएव्हर' लिहिले. ऋतुनिवृत्ती ही मधुमेहासारखी न्यूनता आहे, आणि इस्ट्रोजेन घेतले तर स्त्री कायमची तरुण राहील, असा त्यांचा दावा. पहिल्या काही महिन्यांतच लाखभर प्रती खपल्या. पुस्तकाची भाषा आज वाचवत नाही; ज्या स्त्रियांनी गोळी घेतली नाही त्यांचे वर्णन करताना डॉक्टरी सभ्यतेचीही मर्यादा राहिलेली नाही. गंमत पाहावी, तर आमच्या आजीला ज्या वयात मान मिळाला त्याच वयात त्या लेखकाला स्त्री निकामी दिसली. पुस्तकाचा खर्च औषध कंपनीने उचलला होता, हे त्यांच्या मुलाने २००२ मध्ये एका वृत्तपत्राला सांगितले. तोवर छत्तीस वर्षे उलटली होती.

आता कागदाकडे वळू. अमेरिकेत १९७० सालापर्यंत औषधाविषयीची माहिती ही डॉक्टर आणि कंपनी यांच्यातील बाब होती. रोग्याने ती वाचावी असे कोणाला वाटत नव्हते. बार्बरा सीमन या पत्रकार स्त्रीने १९६९ मध्ये गर्भनिरोधक गोळीच्या दुष्परिणामांवर पुस्तक लिहिले. त्यावरून सिनेटर नेल्सन यांच्या समितीपुढे १९७० च्या जानेवारीत सुनावणी सुरू झाली. साक्षीला सगळे पुरुष. गोळी घेणारी एकही स्त्री साक्षीसाठी बोलावलेली नव्हती. तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या तरुणींनी उभ्या राहून भर सभेत प्रश्न विचारले. परिणामी गर्भनिरोधक गोळीच्या पाकिटात स्त्रियांना उद्देशून एक कागद घालण्याचे ठरले. त्याचा मूळ मसुदा छाटून अगदी आखूड करण्यात आला. मसुदे छाटण्याचे काम आम्हीही केले आहे. छाटताना नेमके काय गळते ते आम्हाला ठाऊक आहे.

ऋतुनिवृत्तीच्या गोळीची पाळी १९७५ मध्ये आली. त्या वर्षी डिसेंबरच्या ४ तारखेस न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन निबंध लागोपाठ छापले गेले. एकात, इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याची शक्यता साडेचार पट आढळली होती, दुसऱ्यात ७.६ पट, आणि सात वर्षांहून अधिक काळ घेणाऱ्यांत जवळजवळ चौदा पट. कारण समजायला कठीण नाही. इस्ट्रोजेन गर्भाशयाचे अस्तर वाढवते. तारुण्यात दर महिन्याला प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक त्या वाढीला आवर घालते आणि पाळीबरोबर अस्तर गळून पडते. एकटे इस्ट्रोजेन वर्षानुवर्षे दिले, तर खत घालावे आणि कापणी कधीच करू नये, तसे होते. त्याच डिसेंबरात नुकत्याच स्थापन झालेल्या नॅशनल विमेन्स हेल्थ नेटवर्क या संस्थेच्या स्त्रियांनी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयासमोर, इस्ट्रोजेनमुळे मृत्यू पावलेल्यांसाठी शोकसभा भरवली.

प्रशासनाने १९७७ मध्ये आदेश काढला : इस्ट्रोजेनच्या प्रत्येक पाकिटात रुग्ण स्त्रीला समजेल अशा भाषेत धोक्यांचा कागद असलाच पाहिजे. त्यावर औषधनिर्मात्यांची संघटना न्यायालयात गेली. आणि ज्या वाचकांना आश्चर्य वाटेल त्यांनी जरूर आश्चर्य करावे, स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही तिच्यासोबत गेली. म्हणणे असे की, हा डॉक्टर आणि रुग्ण यांच्या नात्यात हस्तक्षेप आहे. न्यायालयाने १९८० मध्ये आदेश कायम ठेवला. डॉक्टरांच्या बाजूने एक शब्द बोलायला हवा. घाबरलेला रोगी औषध सोडून देतो ही त्यांची भीती निराधार नव्हती. आमच्या केराच्या टोपलीने ती पुढे खरी करून दाखवली. परंतु त्यावर उपाय कागद काढून टाकणे हा नव्हता, कागद नीट लिहिणे हा होता.

पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत इस्ट्रोजेनच्या चिठ्ठ्या सुमारे निम्म्यावर आल्या. मग तोडगा निघाला : गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे औषध द्यायचे, म्हणजे अस्तर वाढत नाही. हा नियम आजही अढळ आहे. गर्भाशय काढलेले असेल तर दुसऱ्या औषधाची गरज नाही. वाचकांनी हा भेद लक्षात ठेवावा. पुढची सगळी कथा यावर उभी आहे.

गोळी पुन्हा वर आली ती हाडांच्या आणि हृदयाच्या नावाने. इस्ट्रोजेनने हाडांची झीज थांबते हे खरेच होते. हृदयाचे मात्र प्रकरण वेगळे. अमेरिकेतील सव्वा लाखाच्या आसपास परिचारिकांची प्रकृती १९७६ पासून नोंदवली जात होती. त्यांच्यातील संप्रेरके घेणाऱ्यांना हृदयविकार निम्म्याने कमी होतो, असा निबंध १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. नेमक्या त्याच अंकात फ्रेमिंगहॅम या गावातील अभ्यासाचा निबंधही होता, आणि त्याचा निष्कर्ष अगदी उलटा होता. जगाने पहिला लक्षात ठेवला, दुसरा विसरले. आवडती टिपणी नस्तीत वर येते आणि नावडती तळाशी जाते, हे केवळ सरकारी कचेरीतच घडते असे नाही. परिचारिकांच्या अभ्यासात खोट कोणाच्या प्रामाणिकपणात नव्हती. गोळी घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या, डॉक्टरकडे नियमित जाणाऱ्या होत्या. त्यांचे हृदय गोळीने निरोगी राहिले की निरोगी राहणाऱ्या स्त्रियाच गोळी घेत होत्या, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

कंपनीने १९९० मध्ये हृदयरक्षणासाठीही ही गोळी देण्याची अनुमती मागितली. तेव्हा त्या नेटवर्कच्या स्त्रियांनी पुन्हा आडकाठी घातली. त्यांचा मुद्दा साधा होता : निरोगी बायकांना आयुष्यभर औषध द्यायचे, तर आधी चाचणी करून दाखवा, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना नुसती पिठाची. अनुमती मिळाली नाही. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या स्त्री-संचालक बर्नाडिन हीली यांनी १९९१ मध्ये विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह हा प्रचंड उपक्रम हाती घेतला. संप्रेरकांच्या चाचणीत २७,३४७ स्त्रियांनी भाग घेतला. गर्भाशय असलेल्या १६,६०८ जणींना दोन औषधांची गोळी किंवा पिठाची गोळी. गर्भाशय काढलेल्या १०,७३९ जणींना एकटे इस्ट्रोजेन किंवा पिठाची गोळी. त्या स्त्रियांविषयी आम्हाला फार आदर वाटतो. आपल्याला कोणती गोळी मिळते हे न कळता रोज ती घेत राहायचे, हे व्रत काही सोपे नव्हे.

दोन औषधांच्या गटाची चाचणी सरासरी ५.२ वर्षांनी, जुलै २००२ मध्ये थांबवण्यात आली. स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण सव्वीस टक्क्यांनी अधिक होते. हाच तो मथळा. आता आकड्यांशी ज्याचा आयुष्यभर संबंध आला अशा माणसाने त्या दिवशी एक प्रश्न विचारायला हवा होता : सव्वीस टक्के कशाचे? पिठाची गोळी घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला तीस जणींना हा रोग झाला, खरी गोळी घेणाऱ्या दहा हजारांत अडतीस जणींना. म्हणजे दहा हजारांत वर्षाला आठ अधिक. तशाच पक्षाघाताच्या आठ अधिक, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याच्या आठ अधिक, हृदयविकाराच्या सात अधिक. आणि दुसऱ्या पारड्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या सहा कमी, खुब्याच्या अस्थिभंगाच्या पाच कमी. हे धोके खोटे नव्हते. कोट्यवधी निरोगी स्त्रियांना प्रतिबंधक म्हणून द्यावयाच्या औषधात दहा हजारांत आठ हा आकडाही मोठाच ठरतो, आणि चाचणी थांबवली ते योग्यच झाले. परंतु एका घरातल्या एका बाईने घाबरून जावे असा तो आकडा नव्हता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. चाचणीतील स्त्रियांचे वय पन्नास ते एकोणऐंशी होते, सरासरी त्रेसष्ट. बहुतेकींची पाळी जाऊन दहा-दहा वर्षे झालेली. आमच्या सौभाग्यवतींचे वय त्या दिवशी बेचाळीस होते. त्यांना गर्भाशय नव्हते. त्या दोन औषधांची गोळी घेतच नव्हत्या, एकटे इस्ट्रोजेन घेत होत्या. इस्ट्रोजेनच्या गटाची चाचणी तर तेव्हा चालूच होती. ती २००४ मध्ये थांबली. तिच्यात पक्षाघात दहा हजारांत वर्षाला बाराने वाढलेला आढळला, हृदयविकार वाढलेला आढळला नाही, आणि स्तनांचा कर्करोग वाढण्याऐवजी किंचित कमीच दिसला. ती बातमी मथळ्यात आली नाही; निदान आमच्या वाचनात आली नाही. "ती बातमी माझ्याबद्दल आहे का," या प्रश्नाचे खरे उत्तर 'नाही' असे होते.

झळा परत आल्या. त्यांनी त्या निमूटपणे सोसल्या. ओला पंचा मानेवर ठेवून त्या झोपत. आम्ही हे चांगलेच केले अशा समजुतीत होतो. न्हाणीघरात २०१२ मध्ये पाय घसरला आणि मनगट मोडले. हाडांची तपासणी झाली तेव्हा बावन्नाव्या वर्षी हाडे सत्तरीची असल्याचे तंत्रज्ञ म्हणाला. याचे खापर एकट्या त्या सकाळवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. हाडे झिजायला इतरही कारणे असतात. परंतु अंडाशये ज्यांची पंचेचाळिशीच्या आत काढली जातात त्यांना, दुसरी काही मनाई नसेल तर, नैसर्गिक निवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक द्यावे, नाहीतर हाडांना आणि हृदयालाही धोका पोचतो, यावर आज तज्ज्ञांचे एकमत आहे. त्यांच्या बाबतीत गोळी घेण्यापेक्षा न घेणे हाच मोठा धोका असतो.

येथे आपल्या बाजूची एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांविषयी नेमलेल्या समितीच्या २०१९ च्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पुष्कळ जणी तरुण होत्या. नुसते गर्भाशय काढले तर अंडाशये संप्रेरक देत राहतात. पण ज्यांची अंडाशयेही गेली त्यांची ऋतुनिवृत्ती एका दिवसात, ऐन कामाच्या वयात झाली. त्यांना ही गोळी मिळाली असेल असे मानायला जागा नाही. अमेरिकेतील वाद औषध फार दिल्याचा आहे. या बायकांची तक्रार कोणी लिहूनच घेतली नाही.

दोन हजार दोननंतरची कथा थोडक्यात सांगता येते. अमेरिकेच्या प्रशासनाने जानेवारी २००३ मध्ये सर्वच इस्ट्रोजेनयुक्त औषधांवर काळ्या चौकटीतील इशारा छापायला लावला. गोळी असो, योनिमार्गात लावायचे मलम असो, एक औषध असो की दोन, चौकट एकच. पासष्टीपुढील स्त्रियांत स्मृतिभ्रंश वाढतो असे त्याच वर्षी आढळले, तेही त्यात आले. ब्रिटनमधील दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासानेही त्याच वर्षी स्तनांच्या कर्करोगाची भीती गडद केली. जगभर गोळ्यांचा खप कोसळला. न्यायालयीन दाव्यांतून २००९ मध्ये बाहेर आलेल्या कागदपत्रांनी आणखी एक गोष्ट उघड केली : या औषधांची बाजू मांडणारे सव्वीस शास्त्रीय निबंध कंपनीने पैसे देऊन एका लेखनसंस्थेकडून तयार करून घेतले होते आणि वर नावे प्राध्यापकांची घातली होती. कचेरीत दुसऱ्याच्या मसुद्यावर सही करणे आम्हाला नवे नाही. पण त्या मसुद्याने कोणाच्या देहाचा निर्णय होत नसे.

मग हळूहळू, चाचणीतील स्त्रियांची वये वेगळी करून आकडे पुन्हा मांडले गेले. साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू करणाऱ्यांचे आणि उशिरा सुरू करणाऱ्यांचे चित्र एक नाही असे दिसले. अठरा वर्षे मागोवा घेऊन २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षात एकूण मृत्यूंचे प्रमाण खरी गोळी आणि पिठाची गोळी यांत सारखेच निघाले. दुसरीकडे, २०१९ मध्ये जगभरच्या अठ्ठावन्न अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीने सांगितले की, पन्नाशीत सुरू करून पाच वर्षे दोन औषधे रोज घेणाऱ्या पन्नास जणींत एकीला पुढील काळात स्तनांचा जादा कर्करोग होतो. एकट्या इस्ट्रोजेनने दोनशेत एकीला. एकट्या इस्ट्रोजेनबाबत हे निरीक्षण आणि ती चाचणी अजूनही एकमेकांशी जुळत नाहीत. दहा नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेने हृदयविकार, स्तनांचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांविषयीची काळी चौकट काढून टाकण्याचे जाहीर केले. एकट्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवरील गर्भाशयाच्या कर्करोगाचा इशारा तेवढा ठेवला. काहींनी आनंद व्यक्त केला; काहींनी, त्यासाठी बोलावलेले तज्ज्ञ एकाच मताचे होते, अशी तक्रार केली. आम्हाला दोन्ही म्हणण्यांत तथ्य दिसते. सरसकट चौकट चूक होती. आता सरसकट जयजयकार होऊ नये.

कारण धोके गेलेले नाहीत, ते फक्त नेमके झाले आहेत. जिला स्तनांचा कर्करोग होऊन गेला आहे, जिला पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला आहे, जिचे यकृत बिघडलेले आहे, किंवा जिला कारण न कळता रक्तस्राव होतो आहे, तिने ही गोळी घेऊ नये. पाळी गेल्यावर पुन्हा थोडेसेही रक्त दिसले तर, गोळी चालू असो वा नसो, ते लपवू नये. आपल्याकडील बायका नेमके तेच लपवतात. गोळीऐवजी त्वचेवर लावायची पट्टी किंवा जेल वापरले तर गुठळीचा धोका वाढत नाही असे फ्रान्समधील अभ्यासांत आढळले आहे, कारण ते द्रव्य आधी यकृतातून जात नाही. नुसता कोरडेपणा असेल तर जागच्या जागी लावायचे मलम पुरते आणि त्याचा अंश रक्तात फार थोडा जातो. रक्तदाब, स्तनांची तपासणी आणि 'अजून गरज आहे का' हा प्रश्न, हे दरवर्षी व्हावे. हृदय सांभाळण्यासाठी किंवा तारुण्य टिकवण्यासाठी म्हणून मात्र ती कोणीही घेऊ नये. विल्सनसाहेबांचे ते पुस्तक खरे ठरलेले नाही.

उरला आपल्याकडचा कागद. गेल्या पावसाळ्यात आमची पुतणी आली होती. एकोणपन्नास वर्षांची, बँकेत अधिकारी, झळांनी हैराण. तिच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून दोन औषधे लिहून दिली होती. आम्ही तिच्यासोबत दुकानात गेलो. दुकानदाराने खोके उघडले, पट्टी काढली, कात्रीने दहा गोळ्या कापून दिल्या आणि खोके पुन्हा फळीवर ठेवले. आम्ही म्हणालो, "आतला कागद द्या." तो म्हणाला, "काका, तो कोणी मागत नाही. एका खोक्यात एकच असतो." बरीच हुज्जत घातल्यावर त्याने तो दिला. घरी आणून उलगडला. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरे, आणि सर्वांत वर छापलेले : केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी, रुग्णालय किंवा प्रयोगशाळा यांच्या उपयोगासाठी.

सौभाग्यवतींनी आमचे भिंग मागून घेतले. संध्याकाळभर त्या आणि पुतणी तो कागद वाचत बसल्या. पुतणी अर्थ सांगे, सौभाग्यवती वहीत मराठीत उतरून घेत. मध्येच त्यांनी मान वर न करता विचारले, "त्या वेळचा माझ्या गोळीचा कागद कुठं असेल हो?" दुकानदाराच्या फळीवर, आम्ही म्हणालो.